पाणीखात्याचा एकुलता एक पेनड्राइव्ह

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नकाशाताईंनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, आणि कॉम्प्युटरने अगदी नम्रपणे विचारलं, ‘हा ड्राइव्ह वाचता येत नाही. फॉरमॅट करायचा का?’

फॉरमॅट म्हणजे आत असेल नसेल ते सगळं धुऊन-पुसून साफ करणं, एवढं ताईंना ठाऊक होतं. आणि आत होते त्यांचे अकरा महिने. त्यांनी घाईघाईने ‘नाही’वर टिचकी मारली, पेनड्राइव्ह काढला, पुन्हा लावला. कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं, तेही तितक्याच नम्रपणे.

पाणीखात्यात त्यांना सगळे नकाशाताईच म्हणत, कारण त्यांची नेमणूकच मुळी नकाशासाठी झाली होती. शहराच्या पोटात कधीकाळी गाडलेल्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह शोधायचे आणि नकाशावर मांडायचे. व्हॉल्व्ह म्हणजे पाणी बंद करायची चावी. पाइप फुटून रस्त्यात कारंजं उडालं की सगळ्यांना तिची आठवण येते, आणि ती नेमकी कुठे आहे हे तेव्हाच कुणाला आठवत नाही. ताई अकरा महिने टेप, खडू आणि पहार घेऊन गल्लोगल्ली हिंडल्या. झाकणं उचलली, फोटो काढले, कुत्र्यांचं भुंकणं ऐकलं, माणसांचंही ऐकलं. अर्धं शहर झालं, अर्धं राहिलं. दुपारी तीन वाजता समिती बसणार होती. ती नकाशा बघणार आणि ठरवणार, की ताईंना मुदतवाढ द्यायची की शनिवारी नारळ द्यायचा. आणि ताईंना तर त्या कामाचा लळा लागला होता. रस्त्याने चालताना माणसं वर दुकानांच्या पाट्या वाचतात, ताई खाली झाकणं वाचत चालायच्या.

तुम्ही म्हणाल, अहो ताई, एवढं मोलाचं काम आणि प्रत एकच? शहाण्या माणसानं दहा ठिकाणी ठेवलं असतं! अगदी खरं. पण मागच्याच आठवड्यात खात्यात नवे कॉम्प्युटर आले होते. जुने उचलून नेताना वरून हुकूम आला, की आपापलं सामान पेनड्राइव्हवर काढून घ्या. आणि घरचे पेनड्राइव्ह आणायला बंदी होती, कारण मागे कुणीतरी घरून आणलेल्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि तीन दिवस सगळ्या पडद्यांवर एक माकड टाळ्या पिटत बसलं होतं. तेव्हापासून साऱ्या पाणीखात्याला मिळून पेनड्राइव्ह एकच, आणि तो भांडारकाकांच्या कपाटात. ताईंची फाइलही त्यावर चढून त्याच कपाटात जाऊन बसली होती.

भांडारकाका म्हणजे खात्याचे भांडारपाल. एकतीस वर्षं त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचं थोटूक दाखवावं लागे, आणि थोटूक अंगठ्यापेक्षा मोठं निघालं तर काका म्हणत, “अजून आठवडाभर जाईल की.” त्या सकाळी त्यांनी तीन ठिकाणी सह्या घेऊन पेनड्राइव्ह दिला होता आणि बजावलं होतं, “टोपणासकट परत पाहिजे.”

“काय झालं हो ताई? चेहरा का असा?” शेजारच्या टेबलावरून टायपिस्टबाईंनी विचारलं.

“उघडत नाहीये. फॉरमॅट करू का म्हणतोय.”

“अगं बाई! द्या इकडे.” टायपिस्टबाईंनी पेनड्राइव्ह हातात घेतला, डोळे मिटले आणि त्याच्या तोंडात अशी काही फुंकर घातली की समोरच्या फायलींवरची धूळ उडाली. “लावा आता.”

लावला. आणि काय आश्चर्य, या वेळी फाइल दिसली! ताईंनी श्वास रोखून ती उघडली. पडद्यावर वरून खाली नकाशा उतरायला लागला. मुख्य रस्ता आला, शाळेची गल्ली आली, दवाखान्याचा कोपरा अर्धा आला आणि सगळं जागच्या जागी थिजलं. ‘फाइल खराब झाली आहे,’ कॉम्प्युटर म्हणाला. मग म्हणाला, ‘फॉरमॅट करायचा का?’

“याला दुसरं काही येतच नाही का बोलायला?” टायपिस्टबाई चिडल्या.

मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावला. टायपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरला लावला, तिथे तर त्याने साधं विचारलंही नाही, नुसता गप्प बसला. शेवटी ताईंनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. हा गृहस्थ नवे कॉम्प्युटर बसवून गेला होता आणि त्यानंतर फक्त फोनवरच भेटत असे.

“मेसेज काय येतोय?”

“फॉरमॅट करू का, असं विचारतोय.”

“मग करा की.”

“अहो, आत माझी फाइल आहे!”

“बॅकअप असेल ना?”

“नाही.”

“मग नका करू,” तो म्हणाला.

त्याने ताईंकडून पेनड्राइव्हची तपासणी सुरू करवली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. पाच टक्के, आठ टक्के, अकरा टक्के. तिथे ती अडली आणि कॉम्प्युटर म्हणाला, की ज्याची तपासणी चालू आहे तो पेनड्राइव्हच सापडत नाही. “मला तर इथून सगळं ओके दिसतंय,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. त्याला तिथून काय दिसत होतं ते देवच जाणे. त्याने आणखी दोन वेळा तपासणी करायला लावली. दोन्ही वेळा पट्टी अकरावरच अडली, आणि या खटाटोपात दीड वाजला.

एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. खात्याचे मुख्य म्हणजे हेच. मनाने फार भला माणूस, पण एक खोड होती. समोर प्रश्न आला की त्यांचा हात आपोआप होकाराकडे जायचा. बावीस वर्षं वरिष्ठांपुढे बसून ती सवय हाडीमाशी खिळली होती.

“झाली का तयारी? समितीच्या अध्यक्षबाई वेळेच्या पक्क्या आहेत बरं,” असं म्हणत ते वाकले, पडद्यावरचा प्रश्न अर्धाच वाचला आणि माऊस धरून ‘होय’कडे निघाले.

“साहेब!” ताई किंचाळल्या. टायपिस्टबाईंनी साहेबांच्या मनगटावर झडप घातली. साहेबांचं बोट तरी माऊसवर होतंच. ताईंनी मग दुसरा विचारच केला नाही, पेनड्राइव्ह धरला आणि दात उपटावा तसा उपटला.

“असं अचानक काढू नये म्हणतात,” साहेब मनगट चोळत म्हणाले. “फाइल खराब होते.”

त्यांच्याकडे दोघी अशा काही बघायला लागल्या की साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. सासूबाई होत्या. सून शहराच्या पोटातले पाण्याचे रस्ते शोधून काढते, हे त्यांनी दोन्ही जिन्यांवरच्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मुदतवाढीची काळजी ताईंइतकीच त्यांनाही होती.

“काय गं, झालं का तुझं?”

“नाही हो आई. पेनड्राइव्ह चालत नाहीये.” आणि ताईंचा आवाज भरून आला. “सगळं त्यातच आहे.”

“रडू नकोस. पुसलंस का?”

“काय?”

“पुसलंस का ते? माझा रेडिओ खरखरला की मी काय करते? सेल काढते, पुसते, परत घालते.”

“आई, ते रेडिओसारखं नसतं हो.”

“बरं, नसेल. पण पुसायला काय जातंय?”

काही जात नव्हतं. ताईंनी फोन ठेवून पर्समधला पांढरा हातरुमाल काढला, त्याचं टोक पेनड्राइव्हच्या तोंडात घातलं आणि फिरवलं. रुमाल बाहेर आला तो पिवळाधमक. वर चिकटही.

तिघांनी त्या रुमालाकडे पाहिलं. मग पेनड्राइव्ह उलटा करून पाहिलं. त्याच्या चकचकीत पत्र्यावर, म्हणजे जो भाग कॉम्प्युटरच्या आत जातो नेमका त्यावर, पिवळ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पा. खा. १४७’. सकाळपासून कुणीही तो हातात धरून नीट बघितलाच नव्हता. टोपण काढायचं, खुपसायचं आणि पडद्याकडे बघायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

“भांडारकाकांना बोलवा,” साहेब म्हणाले.

काका आले. अंगठ्याएवढी पेन्सिल कानावर, चेहऱ्यावर एकतीस वर्षांची शांतता.

“काका, याच्यावर नंबर तुम्ही घातलात?”

“घातला. परवाच घातला. पुढच्या आठवड्यात सामानाची तपासणी आहे. प्रत्येक वस्तूवर क्रमांक पाहिजे, नियमच आहे.”

“पण इथे? या पत्र्यावर?”

“वर काळं प्लास्टिक आहे खरखरीत, त्यावर रंग धरेना. पत्र्यावर कसा मस्त बसला बघा.” काकांनी जरा मान तिरकी करून आपलं अक्षर न्याहाळलं. “पुसला जाऊ नये म्हणून वरून वार्निशही दिलं.”

“ब्रशने?” ताईंनी धीर करून विचारलं.

“ब्रश वाळून गेला होता. बुडवून काढला.”

साहेब जवळच्या खुर्चीत बसले. टायपिस्टबाई तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळल्या, त्यांचे खांदे हलत होते. ताईंना मात्र हसावं की रडावं कळेना. सकाळपासून त्या कॉम्प्युटरला औषध देत होत्या, आणि दुखणं बसलं होतं वार्निशच्या डबीत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

“टर्पेंटाइन द्या काका, लवकर,” ताई म्हणाल्या. “आणि कापूस.”

“मागणीपत्र लागेल.”

“अहो, घाण तुम्ही केलीत!”

“घाण नाही, क्रमांक,” काका म्हणाले. पण ताईंच्या डोळ्यांत पाणी बघून ते जरा थबकले. कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. “कसली फाइल आहे आत?”

“माझा नकाशा आहे. तो दिसला नाही तर शनिवारी माझी नोकरी जाणार.”

काका गेले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मागणीपत्राशिवाय टर्पेंटाइनची बाटली, कापूस आणि दात कोरायच्या काड्या घेऊन आले. मग स्वतःच चष्मा कपाळावर चढवून बसले आणि एकेक काडी आत घालून वार्निश खरवडू लागले. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन झाले, अडीच झाले. सगळ्या खोलीला टर्पेंटाइनचा वास सुटला. साहेब दर पाच मिनिटांनी येऊन “घाई करू नका, पण लवकर करा,” असं सांगून जात.

पावणेतीनला पेनड्राइव्ह समितीच्या दालनातल्या कॉम्प्युटरला लावला. काही नाही. काकांनी तो दोन बोटांत धरून किंचित वर दाबला, आणि नकाशा आला! मुख्य रस्ता, शाळेची गल्ली, दवाखान्याचा कोपरा, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. ताईंनी टाळी वाजवली. काकांनी हात काढला. नकाशा गेला.

“दाबून धरला तरच चालतोय,” काका म्हणाले. “आत कुठेतरी अजून धरलंय वार्निश.”

“मग तसाच धरा, आपण कॉपी करून घेऊ,” ताई म्हणाल्या. पण शेकडो फोटोंची ती फाइल, कॉम्प्युटरने चाळीस मिनिटं दाखवली, आणि समिती यायला उरली होती दहा. म्हणजे उपाय एकच. सभा संपेपर्यंत कुणीतरी पेनड्राइव्ह दाबून धरायचा.

“मी धरते,” टायपिस्टबाई म्हणाल्या.

“तुम्हाला धरता येणार नाही,” काका म्हणाले. “बिघडलेली वस्तू भांडारपालाच्याच ताब्यात पाहिजे. नियम आहे.”

आता कॉम्प्युटरचा डबा होता टेबलाखाली. टेबल होतं लांबलचक, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं हिरवं कापड. टेबलाशेजारी एक मनुष्य दीड तास ओणवा बसलाय असं दृश्य समितीला दाखवायची साहेबांची तयारी नव्हती. तेव्हा सत्तावन्न वर्षांचे, ज्यांना खात्यातल्या कुणी कधी घाईने चालतानाही पाहिलं नव्हतं ते भांडारकाका चष्मा खिशात घालून गुडघ्यांवर आले आणि कापड वर करून टेबलाखाली शिरले.

“काका, जमेल ना?” ताईंनी वाकून विचारलं.

“तुम्ही बोला नीट,” आतून आवाज आला. “मी धरलाय.”

बरोबर तीनला समिती आली. अध्यक्षबाई पुढे. सदतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आता शहराच्या पाण्याकडे लक्ष देत होत्या. त्यांच्यामागे लाकडाच्या वखारीचे मालक, ते लाकूडवाले सदस्य, आणि मिशीवाले सदस्य. मिशीवाल्यांचं मत आधीच झालं होतं, की नकाशाबिकाशा काही नको, इतकी वर्षं अडलं होतं का काही?

“वास कसला येतोय?” बसता बसता अध्यक्षबाईंनी विचारलं.

“रंगकाम,” साहेब म्हणाले.

ताई उभ्या राहिल्या. पहिली दोन मिनिटं आवाज कापरा होता, पण दवाखान्याच्या कोपऱ्यावर आल्या आणि त्यांची भीड चेपली. कुठला व्हॉल्व्ह कसा सापडला, कोणतं झाकण कुणाच्या अंगणात गेलं होतं, कुठल्या घरात ते कपडे धुवायचा दगड म्हणून वापरत होते, सगळं त्या रंगून सांगू लागल्या. लाकूडवाले पुढे सरकून ऐकायला लागले. दोन वेळा पडदा लुकलुकला आणि दोन्ही वेळा टेबलाखालून कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. साहेब तेवढ्यात खोकून घेत.

“ते सगळं ठीक आहे,” मिशीवाले म्हणाले, “पण आमच्या भागाचं काय? बेकरीच्या मागच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी पाइप फुटला, सबंध दिवस पाणी वाहत होतं. तिथला व्हॉल्व्ह दाखवा तुमच्या नकाशात.”

ताईंचा चेहरा पडला. ती गल्ली उरलेल्या अर्ध्या शहरात होती. नकाशावर तिथे नुसतं पांढरं होतं. “तो भाग अजून व्हायचाय,” त्या म्हणाल्या. “जुन्या व्हॉल्व्हची यादी मी मागितली होती, पण खात्यात यादीच नाहीये. त्यामुळे...”

“म्हणजे नाही!” मिशीवाल्यांनी हात झटकले. “झालं! अकरा महिने घालवून...”

“बेकरीच्या मागच्या भिंतीपासून चार पावलं,” टेबलाखालून घनगंभीर आवाज आला. “सहा इंची. वर डांबर टाकलंय.”

ताईंनी टेबलाचा काठ घट्ट धरला. मिशीवाल्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, लाकूडवाल्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, अध्यक्षबाईंनी साहेबांकडे पाहिलं.

“हे कोण बोललं?” लाकूडवाल्यांनी विचारलं.

“म्हणजे... बोलतो तो,” साहेब म्हणाले. घामाचा एक थेंब त्यांच्या कानशिलावरून निघाला. “नवीन पद्धत आहे.”

“नकाशा बोलतो?”

“होय,” साहेब म्हणाले. सवयच ती.

लाकूडवाल्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. “वा! वा, काय यंत्र आहे! मी विचारू? माझ्या वखारीसमोर आहे का हो एखादा?”

“दोन आहेत,” आवाज म्हणाला. “एक फाटकासमोर. दुसऱ्यावर तुम्ही सागवानाचे ओंडके रचलेत. ते हलवा.”

“अगदी बरोबर!” लाकूडवाले खुर्चीतून अर्धे उठले. “ओंडके आहेत! सागवानच आहे! याला लाकूडसुद्धा कळतं!”

मग काय विचारता. मिशीवाल्यांनाही राहवेना. त्यांनी आपली गल्ली विचारली, सासऱ्यांची गल्ली विचारली, जुना बाजार विचारला. कुठे सहा इंची, कुठे चार, कुठला उलटा फिरतो, कुठल्याचा आटा झिजलाय, टेबलाखालून फाडफाड उत्तरं येऊ लागली. ताईंनी खडू उचलला आणि मागच्या फळ्यावर भराभर लिहून घ्यायला सुरुवात केली. मुदतवाढ, नोकरी, शनिवार, सगळं त्या विसरल्या. अकरा महिने ज्या व्हॉल्व्हसाठी त्यांनी रस्ते पालथे घातले, ते पायाशी बसून एकेक करून हजेरी देत होते!

“पण तुला हे सगळं कळतं कसं रे?” लाकूडवाल्यांनी कौतुकाने यंत्राला विचारलं.

“व्हॉल्व्ह दिला की तो बसला की नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी खर्ची टाकत नाही. एकतीस वर्षांत प्रत्येक खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिलोय.”

“आणि यादी?” ताईंच्या तोंडून निघून गेलं. “मी तीन अर्ज केले होते, यादीसाठी!”

“यादी नाहीच, तर देणार काय? यादी नाही असं लेखी कळवलं होतं. मला माहीत आहे का, असं कुणी विचारलंच नाही.”

एवढं बोलून यंत्राला एक प्रचंड शिंक आली. टेबल हललं, कपांमधला चहा बश्यांत सांडला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

“बिघडलं?” लाकूडवाले कासावीस झाले.

“थांबा जरा,” आवाज म्हणाला. “अंगठ्याला मुंग्या आल्यात.”

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने पडदा उजळला आणि नकाशा परत आला. अध्यक्षबाईंनी मात्र यंत्राला काहीच विचारलं नव्हतं. बाकाखाली कोण काय करतंय हे वर्गाच्या दारातूनच ओळखायची ज्यांना सदतीस वर्षांची सवय, त्यांची नजर मघापासून हिरव्या कापडाखालून बाहेर आलेल्या एका बुटावर होती. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“काम चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पुरं व्हायला हवं. ताईंना सहा महिने मुदतवाढ द्यावी असं मला वाटतं. कुणाची हरकत?”

लाकूडवाल्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. मिशीवाले मिशीतल्या मिशीत म्हणाले, “नाही.”

“माझी आहे,” टेबलाखालून आवाज आला.

ताईंच्या हातातला खडू खाली पडला. अध्यक्षबाईंनी भुवया उंचावल्या. “काय हरकत आहे?”

“सहा महिन्यांत होणार नाही हे. टाकीपलीकडचा भागच चार महिने खाईल. पावसात झाकणं उचलता येत नाहीत. वर्ष तरी द्या. आणि इतके दिवस एकट्या हिंडल्या त्या पहार घेऊन, बरोबर एक माणूस द्या. चार वेळा पावसात भिजून आलेल्या पाहिल्यात मी.”

ताईंना एकदम हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरताना त्यांनी तो पिवळा रुमाल तोंडाला लावला. त्या वार्निशच्या वासाने त्यांना जोराचा ठसका लागला.

“यंत्राचं म्हणणं रास्त आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “साहेब, लिहा. एक वर्ष.” मग त्या वाकल्या, हिरवं कापड उचललं आणि आत बघितलं. “तुमच्या निवृत्तीला किती अवकाश आहे?”

“एक वर्ष आणि दोन महिने, बाई.”

“मग ताईंच्या बरोबरचा माणूस तुम्हीच. या बाहेर, खुर्चीवर बसा.”

“म्हणजे आत माणूस होता?” लाकूडवाले हिरमुसून म्हणाले.

टेबलाखालून काकांचा आवाज आला, आणि या वेळी तो पहिल्यांदाच जरा ओशाळलेला होता. “बाहेर येतो, पण मी हात काढला की नकाशा जाईल.”

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खाली वाकल्या आणि टेबलाखाली हात पुढे केला.

“जाऊ दे हो काका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही या.”